अंगठ्यात जोर आहे ना? मग दाबा बटण!

कॉम्प्युटर अडकला की काय करावं, हा प्रश्न आता कायमचा सुटला आहे. गेल्या गुरुवारी आमच्या दाजींनी तो माझ्या डीटीपीच्या दुकानात, माझ्या मशीनवर, माझ्या माघारी, पॉवर बटण दाबून धरून सोडवून दाखवला. मी समोर चहा सांगायला गेलो होतो, तेवढ्या सात मिनिटांत. असलं ज्ञान एकट्यानं ठेवून घेणं बरं नाही, म्हणून चार लोकांच्या उपयोगी पडावं या हेतूनं इथे मांडतोय.

पहिली गोष्ट, थांबू नका. पडद्यावर ते गोल गोल फिरतंय, वरच्या पट्टीत 'नॉट रिस्पॉन्डिंग' आलंय, म्हणजे मशीन गेलं. ते आत काही काम करत असेल असा संशयसुद्धा घेऊ नका. सीपीयूवर एक बारका लाल दिवा लुकलुकत असतो, म्हणजे हार्ड डिस्कवर लिहिणं-वाचणं चालू असतं म्हणे. लुकलुकू दे. गणपतीतल्या माळाही लुकलुकतात.

दुसरी गोष्ट, बटणाला नुसती टिचकी मारून सोडू नका. टिचकी मारली की विंडोजला निरोप जातो, मग ते उघडे प्रोग्रॅम आवरतं, डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहितं आणि रीतसर झोपतं किंवा बंद होतं. एवढी रीतभात कशाला? अंगठा ठेवा आणि दाबून धरा. चार सेकंद पुरतात, एखादा चिवट लॅपटॉप दहा घेतो. तेवढ्या वेळानंतर विंडोजला कोणी विचारतच नाही, मदरबोर्ड परस्पर वीज तोडतो. पंगतीत माणूस वरण-भात कालवत बसलेला असताना पुढचं पान ओढून घ्यावं, तसं.

सेव्ह? सेव्ह भित्रे लोक करतात.

तिसरी गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती मला महागात पडली आहे. तुम्ही कंट्रोल-एस दाबलं म्हणजे फाईल डिस्कवर गेली असं तुम्हाला वाटतं. विंडोज ती आधी रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीत, धरतं आणि सवडीनं डिस्कवर उतरवतं. किराणावाला दिवसभराची उधारी कच्च्या वहीत टिपतो आणि रात्री पक्क्या खात्यात चढवतो, तसलाच प्रकार. बटण दाबून धरलं की कच्ची वही चुलीत. आता कोणी शहाणा म्हणेल, एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर फाईली मांडायच्या पद्धतीत, जर्नल म्हणजे बदलांची नोंदवही असते की, १९९३ पासून आहे. असतं ना. पण ते जर्नल डिस्कची आपली मांडणी सांभाळतं : फाईलचं नाव, आकार, ती कुठे ठेवलीय वगैरे. आतला मजकूर टिकेलच याची हमी ते देत नाही. त्यामुळे मशीन पुन्हा चालू केल्यावर फाईल फोल्डरमध्ये जागच्या जागी दिसते. नाव तेच, 'लग्न फायनल फायनल ३'. आकारही बरोबर. उघडायला गेलं तर कोरल, म्हणजे ज्यात मी पत्रिका मांडतो तो प्रोग्रॅम, म्हणतं, ही फाईल माझी नाही. नोटपॅडमध्ये टाकून पाहिली. दिसायला सगळी कोरी. आत नुसती शून्यं.

त्या फाईलमध्ये १४३ नावं होती.

लग्नपत्रिकेतली नावं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं. पार्टीनं यादी दिली होती कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, तीन वेगवेगळ्या पेनांनी, त्यात खोडाखोड आणि बाण. विनीत, स्वागतोत्सुक, निमंत्रक, व्यवस्थापक, आणि खाली 'किलबिल' म्हणून एकोणीस पोरं, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' म्हणायला. कोण कै., कोण गं. भा., थोरल्या चुलत्याचं नाव धाकट्याच्या वर, पण धाकटा माजी सरपंच असल्यानं त्याचं अक्षर दोन पॉइंट मोठं. प्रत्येक नावामागे एक भांडण मिटवलेलं. दोनदा प्रूफ झालं होतं, पार्टीचे तीन माणसं दोन तास माझ्या डोक्यावर उभे राहून गेले होते. छपाईला पीडीएफ निघत होती. मोठी फाईल, आठ वर्षांचं मशीन, कोरल अशा वेळी दोन-तीन मिनिटं पांढरं पडतंच. रोज पडतं. पडलं की मी चहा सांगायला जातो. तो त्यासाठीचाच चहा होता हो!

आणि दाजींना काय हवं होतं? आधारची झेरॉक्स. रंगीत.

(ऑटो-बॅकअप का नव्हतं, असं विचारणारे येतीलच. मी बंद केलं होतं. दर थोड्या वेळानं मशीन अडकायचं म्हणून. या विषयावर मला जास्त बोलायचं नाही.)

चौथी गोष्ट, कोणी विचारलं तर 'लाईट गेली होती' म्हणून सांगा. आमच्याकडे हे सांगितलं की कोणी शंका घेत नाही. फक्त एक काळजी घ्या, इव्हेंट व्ह्यूअर नावाची विंडोजच्या नोंदींची भानगड कोणाला उघडू देऊ नका. त्यात ४१ नंबरची नोंद पडते, मशीन नीट बंद न होता पुन्हा चालू झालं म्हणून. तिच्या पोटात शिरलं की पॉवर बटण दाबून धरलं असेल तर त्याचाही आकडा सापडतो. लाईट गेली असेल तर तिथे शून्य. माझ्याकडे शून्य नाहीये. आणि खरंच लाईट गेली असती तर कोपऱ्यातला यूपीएस बोंबलला असता, त्याची बॅटरी मी पाडव्याला बदललीय. पण घरच्या जावयाला तोंडावर कसं म्हणणार? म्हटलं तर रात्री आईचा फोन, सकाळी ताईचा. म्हणून हा लेखनप्रपंच.

अपडेट चालू असताना 'कॉम्प्युटर बंद करू नका' असं येतं, ते दुसऱ्यांसाठी असतं.

बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम, अपडेट होत असताना तर जरूर दाबा, नवा मदरबोर्ड घ्यायला निमित्त हवंच होतं.

जुनी हार्ड डिस्क असेल तर कान देऊन ऐका, बटण दाबल्यावर 'टक्' आवाज येतो. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या तबकडीवरून, केसाच्या जाडीच्या हजारो पटीनं कमी अंतरावर, हेड तरंगत असतं. वीज गेली की फिरत्या तबकडीतल्या उरल्यासुरल्या जोरावर ते बिचारं घाईनं कडेला पळतं. तो आवाज त्याचा. ते दर वेळी पळू शकेल, असा तुमचा विश्वास असेलच. एसएसडीवाल्यांनी (म्हणजे बिनतबकडीची, चिपवाली डिस्क) हसू नये. कुठला मजकूर कुठल्या कप्प्यात, याचा तक्ता तिलाही सतत लिहावा लागतो, आणि वीज अचानक गेली तर तेवढं लिहून संपवण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटर सर्व्हरच्या महाग ड्राइव्हमध्ये असतात, तुमच्या-आमच्या स्वस्तातल्या बहुधा नाहीत.

एक काळ होता. विंडोज ९८ चा. शट डाउन केलं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची, आता बंद करायला हरकत नाही म्हणून. तोवर बटणाला हात लावायची कोणाची टाप नव्हती. लावला तर पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क सुरू व्हायचं, वर दोन शब्द सुनावून जायचं, की बाबा रे, पुन्हा हे पाहायचं नसेल तर नीट बंद करत जा. मशीन तोंडावर बोलायचं तेव्हा! आता सगळं गुपचूप होतं, म्हणून माणसं सोकावलीत. टीव्ही अडकला बटण, सेट टॉप बॉक्स अडकला बटण, वायफाय अडकलं बटण, तेच कॉम्प्युटरला.

बास झालं. सरळ सांगतो.

दुसऱ्याच्या मशीनला हात लावू नये, एवढी साधी गोष्ट आहे. लावलात आणि अडकलं, तर पाच मिनिटं गप्प बसा. कॅप्स लॉक दाबून बघा, त्याचा दिवा लागतोय-विझतोय तर मशीन बहुधा जिवंत आहे, तुम्हीच उतावीळ आहात. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यातून अडकलेला एकच प्रोग्रॅम बंद करा, तोसुद्धा मालकाला विचारून. त्यानं नाही झालं तर एकदा टिचकी. सगळं करून झालं, दिवा थंड, माऊस थंड, पंधरा मिनिटं हालचाल नाही, तेव्हा दाबून धरा, माझी ना नाही. नाहीतर धूर निघाला तर. पांढरा पडदा म्हणजे धूर नव्हे! शाळेत 'थोडा धीर धरा' शिकवलं नव्हतं का कोणी? पेट्रोल पंपावर अर्धा तास उभे राहता, क्रिकेटच्या रिव्ह्यूला डोळ्यांत तेल घालून बसता, आणि कॉम्प्युटरनं दोन मिनिटं मागितली तर गळा दाबता.

मी रात्री दोनपर्यंत बसून ती नावं पुन्हा टाकली. १४२ झाली. मुलीच्या आत्याचे यजमान राहिले. पाचशे पत्रिका छापून गेल्यात. ते गृहस्थ आज सकाळी साडेनऊपासून माझ्या दुकानात स्टुलावर बसलेत, काही बोलत नाहीत, पाणीही घेतलं नाही.

आणि दाजी, तुमच्या आधारची रंगीत कॉपी काढून ठेवलीय. दारापाशी वजनकाट्याखाली आहे, आत यायचीही गरज नाही.