सिंकवरच्या निनावी चिठ्ठ्या

सांगलीतल्या कुठल्याही ऑफिसच्या पँट्रीत जा, सिंकवर चिठ्ठी चिकटवलेली असतेच. 'सुज्ञांस सांगणे न लगे.' खाली नाव नाही, तारीख नाही. आणि तिच्या बरोबर खाली चहाचा चोथा तुंबलेला!

अहो, सांगायचंच तर नीट सांगा ना! चोथा पाण्यात विरघळत नाही. तो सिंकखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाइपला जोडलेल्या वाटीसारख्या भागात, जाऊन बसतो, त्यावर दुधाची साय आणि डब्यातल्या रश्श्याचा तवंग चिकटतो, मग पाणी उतरतच नाही. गाळणी आधी कचऱ्याच्या डब्यात झटकायची, मग विसळायची. एवढंच. तुंबलंच तर खाली बादली ठेवून ट्रॅपची वाटी हातानं फिरवून काढा, चोथा काढा, वायसर जागेवर आहे ना बघून परत घट्ट करा. ॲसिड ओतू नका, पुढे जो हात घालतो त्याचा हात भाजतो.

मायक्रोवेव्हचंही तेच. अख्खा मसूर झाकण न ठेवता गरम केला की छतापर्यंत शिंतोडे, आणि वाळले की खरवडत बसा. खरं तर वाटीभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून तीन मिनिटं चालवा, दोन मिनिटं दार उघडू नका. मग ओल्या फडक्यानं सगळं निघतं.

'स्वच्छता राखा' वाचून कुणाला यातलं काय कळणार? 'गाळणी कचऱ्याच्या डब्यात झटका' असं लिहा, आणि खाली स्वतःचं नाव घाला.