देव पाण्यात

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' या रकान्यात हेडमास्तरांनी एकच शब्द लिहिला होता: 'चांगली'. वर्गातल्या सगळ्यांचीच वर्तणूक चांगली होती, मास्तरांच्या डब्यात बेडूक ठेवणाऱ्याचीसुद्धा. तेवढ्या एका शब्दावर मी इंजिनिअर होऊन न्यू जर्सीपर्यंत पोचलो. त्यामुळे लेकीनं इथल्या मेडिकलला अर्ज करायचं ठरवलं तेव्हा शिफारसपत्रांचं मी फारसं मनावर घेतलं नाही.

दोन पत्रं विज्ञानाच्या प्राध्यापकांची, एक विज्ञानाबाहेरचं, वर एखाद्या डॉक्टरचं असलं तर बरं. कॉलेजागणिक हट्ट वेगळा. ॲमकॅस नावाचा सामाईक अर्ज असतो, त्यात 10 पत्रांपर्यंत सोय. माझा भाचा लातूरला राहून नीटला बसला, 720 पैकी किती पडले ते कळलं, विषय संपला. त्याच्या स्वभावाबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही. त्याचा स्वभाव बघता ते बरंच झालं.

खरी मेख वेळेची. बायोकेमिस्ट्रीच्या बाईंना लेकीनं फेब्रुवारीतच विचारलं. त्या म्हणाल्या, "अगदी आनंदानं! मेमध्ये आठवण कर." मेमध्ये आठवण केली, तर त्या पेपर तपासण्यात बुडालेल्या. जूनमध्ये त्या सुट्टीवर, आणि ईमेलला आपोआप उत्तर. दिवाळीच्या तोंडावर आमच्या गावचा शिंपीही "काजं-बटणं तेवढी राहिलीत" म्हणायचा, पण निदान त्याच्या दुकानासमोर जाऊन ठाण मांडता यायचं. इथे 'जेंटल रिमाइंडर' पाठवायचा. त्यातला जेंटलपणा किती असावा यावर आमच्या घरात एक अख्खा रविवार गेला. मी सुचवलं, "सरळ लिही, पत्राचं काय झालं?" लेक म्हणाली, "बाबा, तू लॅपटॉपपासून लांब बस."

मंडळातल्या एका डॉक्टर मित्राला मीच परस्पर विचारलं. तो उदारपणे म्हणाला, "तिलाच लिहून आणायला सांग, मी सही ठोकतो." हे ऐकून लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

जूनच्या सुरुवातीला तिनं तीन पत्रांपैकी एकही पोचलेलं नसताना अर्ज पाठवून दिला. माझ्या पोटात गोळा. जोडपत्रं नसलेला अर्ज खिडकीवरून परत न फेकणारं ऑफिस मी जन्मात पाहिलेलं नाही. तिनं समजावलं, की अर्जाची तपासणी पत्रांसाठी अडत नाही, ती मागाहून येऊन मिळाली तरी चालतात. मात्र पत्रं येईपर्यंत कॉलेज फाइल पूर्ण धरत नाही. आणि बहुतेक कॉलेजं जशा फायली पूर्ण होतील तशी मुलाखतीला बोलावत जातात. म्हणजे पंगतच की! उशिरा आलेल्याला जेवायला मिळतं, जिलबी मिळेलच असं नाही.

दोन पत्रं जूनअखेर आली. बाईंचं येईना. त्यातच मला कळलं, की पत्र वाचण्याचा आपला हक्क लेकीनं आधीच सही करून सोडला आहे. सगळेच सोडतात म्हणे. नाही सोडला तर पत्रात गोड गोडच लिहिलं असणार अशी शंका येते. म्हणजे ज्या पत्रापायी सहा महिने झुरायचं, ते डोळ्यांनी बघायचंही नाही. 'चांगली' असं लिहिलंय का, एवढं तरी कळायला हवं होतं.

साताऱ्याहून आई रोज व्हिडिओ कॉलवर विचारायची, "आलं का रे पत्र?" जुलैअखेर तिनं देव पाण्यात ठेवले. कॅमेरा फिरवून तांब्यातला बाळकृष्णही दाखवला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे पडद्यावर दिसलं: पत्र मिळाले. मी ताबडतोब साताऱ्याला फोन लावला. आईनं देव बाहेर काढले, खडीसाखर ठेवली आणि विचारलं, "मग कॉलेज कधी सुरू?"

मी सांगितलं, की अजून कॉलेजांचे जादाचे निबंध चालू आहेत, मग मुलाखती, त्या पार हिवाळाभर, आणि सगळं जमलं तर पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात.

पलीकडे क्षणभर शांतता. मग तांब्याचा आवाज.

"बरं झालं," आई म्हणाली, "अजून पुसले नव्हते."