‘इग्नाइट’ संस्कृतातून आलेला नाही

‘इंग्रजीतला इग्नाइट हा शब्द आपल्या अग्नीवरून घेतला, संस्कृत सर्व भाषांची जननी असल्याचा हा पुरावा’ असा मजकूर सतत फिरत असतो. त्यातलं साम्य खरं आहे, निष्कर्ष चुकीचा आहे.

इंग्रजीत ‘इग्नाइट’ १७व्या शतकात रुळला, तो लॅटिन ‘इग्नितुस’ म्हणजे ‘पेटवलेला’ या रूपावरून. त्याच्या मुळाशी ‘इग्निस’, म्हणजे आग. या वाटेवर भारत कुठेच लागत नाही.

मग लॅटिननेच तो संस्कृतातून उचलला असेल? पहिला स्वर पाहा. ‘ग्न’च्या आधी लॅटिनमध्ये जुन्या ‘ए’चा ‘इ’ होतो: ‘लेगेरे’ म्हणजे गोळा करणं, त्यावरून ‘लिग्नुम’, म्हणजे सरपण. ‘अ’ मात्र तिथे टिकतो: ‘मग्नुस’ म्हणजे मोठा, ‘अग्नुस’ म्हणजे कोकरू. ‘अग्नि’ उसना घेतला असता, तर लॅटिनमध्ये ‘अग्निस’च राहिला असता. ‘इग्निस’च्या मागे ‘एंग्निस’सारखं रूप मानावं लागतं. संस्कृत आणि लॅटिन दोन्ही जिच्यातून निघाल्या, त्या मूळ भाषेत स्वरासारखा उच्चारला जाणारा ‘न्’ संस्कृतात ‘अ’ झाला आणि लॅटिनमध्ये ‘एन्’. संस्कृत ‘मति’ आणि लॅटिन ‘मेन्तिस’ (‘मनाचा’) या जोडीतही हेच घडलं आहे.

‘ऋग्वेद लॅटिन ग्रंथांपेक्षा कितीतरी जुना’ हेही खरं. पण आधी नोंदली गेलेली भाषा आपोआप आई ठरत नाही. लॅटिनमधले ‘ए’ आणि ‘ओ’ हे जुने स्वर संस्कृतात ‘अ’मध्ये मिसळून गेले, आणि त्याची खूण खुद्द संस्कृतात उरली आहे. लॅटिन ‘क्वोद’ला (‘काय’) संस्कृतात ‘कद्’, पण ‘क्वे’ला (‘आणि’) ‘च’. जुन्या ‘ए’पुढेच ‘क’चा ‘च’ झाला. तो ‘ए’ नंतर पुसला गेला. म्हणजे मूळ भाषा संस्कृतच्याही मागची.

या वादात इंग्रज भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांचा दाखला हमखास अर्धवट दिला जातो. १७८६ साली कलकत्त्यातल्या भाषणात त्यांनी संस्कृतची मनापासून स्तुती केली, पण संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असून तो कदाचित आज अस्तित्वात नसेल, असंही तिथेच म्हटलं. लिथुआनियन ‘उग्निस’ त्याच उगमातला.

इंग्रजीचा रोजचा ‘फायर’ तर वेगळ्याच मुळाचा. त्याचा नातलग ग्रीक ‘प्यूर’.

संस्कृतातून खरोखर उतरलेला शब्द मराठीत आहे: अग्नि, प्राकृतात अग्गि, मग आग. सप्त, सत्त, सात आणि हस्त, हत्थ, हात हे त्याच वाटेने आले.