शेवंतीले झोप येत नही भो

लोडशेडिंगची आठवण हळवा होऊन काढणारा माणूस जळगावात शोधायचा असेल, तर माझ्या ओट्यावर या. गल्लीच्या खांबाला पांढरा एलईडी लागल्यापासून शेवंती कमरेएवढी होते, पाला असा की जुड्या बांधून बाजारात बसावं. कळीचं मात्र नाव नाही. फक्त ओट्याच्या खांबाआड सावलीत गेलेल्या एका फांदीला मोहरीएवढ्या सात कळ्या.

आप्पा म्हणतात, पाणी तोड. काकू म्हणतात, केळीच्या सालींचं पाणी घाल. जळगावात हे औषध सगळ्याच रोगांवर चालतं. पण झाड उपाशी नाही हो, त्याला जागरण झालंय!

शेवंतीला ‘शॉर्ट डे’, म्हणजे दिवस लहान झाले की फुलणारं झाड म्हणतात. नाव दिवसाचं, मोजणी रात्रीची. 1920 साली अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी दाखवलं, की उन्हाळाभर नुसता उंच होणारा तंबाखू दिवस छोटा केला की फुलतो. 1938 मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांना एका तणावर कळलं, की झाड सलग अंधार मोजतं. मध्येच थोडा उजेड दाखवला की मुसळ केरात. पॉलीहाऊसवाले शेवंतीचं फूल लांबवायला मुद्दाम रात्री 10 ते 2 दिवे लावतात आणि त्याचं बिल भरतात. मला ही सोय फुकट आहे. चांदण्याला बोल लावू नका. उजेड लक्समध्ये मोजतात, आणि पौर्णिमेचा उजेड अर्धा लक्ससुद्धा नसतो.

आपल्याकडे जूनचा दिवस सुमारे 13 तास 25 मिनिटांचा, डिसेंबरचा 10 तास 50 मिनिटांचा. सप्टेंबरअखेर तो बारा तासांखाली येतो. तेव्हापासून कुंडीभोवती चार काठ्या रोवून दाट काळं कापड दुहेरी टाकायचं. संध्याकाळी साडेसहाला झाकायचं, सकाळी साडेसातला काढायचं. गोणपाट नको, त्यातून उजेड झिरपतो. काळं प्लास्टिक तर नकोच. ऑक्टोबरात आत झाडाचं भरीत होतं, आणि फार उकाड्यात कळी तशीही अडते. कापड पानांना टेकू द्यायचं नाही, दिव्याच्या उलट बाजूला खाली वीतभर फट ठेवायची. शेंडे खुडणं ऑगस्टअखेर बंद. कळ्यांना रंग दिसेपर्यंत रोज हा बुरखा. लागोपाठ चार-पाच रात्री विसरलात तर कळ्या आहेत तिथंच रुसून बसतात. आणि ओट्यावरचा लाल झिरोचा बल्ब काढा. अंधार मोजणाऱ्या फायटोक्रोमला, म्हणजे पानातल्या उजेड ओळखणाऱ्या रंगद्रव्याला, सगळ्यात जास्त लाल उजेडच जागं करतो.

टमाट्याला यातलं काही लागत नाही. ते भर चौकातही फुलतं. निर्लज्ज.

झाकायला लागल्यापासून फूल यायला आठ-दहा आठवडे. म्हणजे दिवाळी हुकली, चंपाषष्ठीच्या भरिताला शेवंती हजर. लक्ष्मीपूजनाला हवी असेल तर ऑगस्टअखेरपासून झाकायला लागा. फक्त तेव्हा मधले दहा दिवस समोर मंडळाचं लायटिंग असतं.