तीन महिन्यांत चार गुंड लोळवणारं कराटे कुठे शिकवत नाहीत

‘कराटे आपलंच!’ असा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. परवा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि खाली ताईनं लिहिलं, ‘हिला घालूनच टाकते. मग क्लासहून रात्री एकटी आली तरी घोर नाही.’ ही म्हणजे माझी भाची, सहावीतली. त्यानंतर गप्प बसणं मला जमलं नाही.

मेसेजमधले दावे असे: कांचीपुरमचा राजपुत्र, बौद्ध भिक्षू बोधिधर्म कलरीपयट्टू ही केरळची युद्धकला घेऊन चीनला गेला, शाओलिन मठात ते शिकवलं आणि तेच पुढे जपानमध्ये कराटे झालं. हत्यारबंदी झाल्यावर गरीब शेतकऱ्यांनी ते वाढवलं. तीन महिने शिकलेली मुलगी चार गुंडांना लोळवते, आईवडिलांनी निर्धास्त व्हावं. दमा जातो, उंची वाढते. आणि ब्लॅक बेल्ट मिळाला की हातांची पोलिसांत नोंद करावी लागते.

चार गुंडांचं आधी बघू. बाकीच्या थापांनी फार तर इतिहास बिघडेल, इथे मुलीच्या जिवाशी खेळ आहे.

मी बरीच वर्षं कराटे केलंय. पहिल्या तीन महिन्यांत मूल काय शिकतं, तर नीट उभं राहायला. मागच्या पायाची टाच उचलू द्यायची नाही, एक मूठ पुढे जाताना दुसरी कमरेशी खेचायची, खांदा वर चढू द्यायचा नाही. ओळीत उभं राहून ‘इची, नी, सान’ (जपानीत एक, दोन, तीन) म्हणत हवेत ठोसे मारायचे. जोडीनं सराव असतो तेव्हाही कोण मारणार, कुठे मारणार, आधीच ठरलेलं असतं. शिकायची रीत हीच आणि ती योग्यच आहे. पण एवढ्यावर पस्तीस किलोची मुलगी ऐंशी किलोच्या माणसाच्या पकडीतून सुटेल, असं कुठलाही प्रामाणिक शिक्षक म्हणणार नाही. चार जणांची तर गोष्टच सोडा.

दुसरं म्हणजे, धोका अंधाऱ्या गल्लीतल्या गुंडांकडूनच असतो हे गृहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगताहेत की बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी ओळखीतले असतात. शेजारी, नातलग, घरी येणारे-जाणारे. त्या माणसाविरुद्ध मुलीच्या मुठीपेक्षा तिच्या आईनं तिचं ऐकून घेणं जास्त कामाला येतं. आणि उद्या काही विपरीत घडलंच तर हाच मेसेज पुढे ढकलणारे विचारतील, ‘एवढं कराटे शिकली होतीस ना, मग काय केलंस?’ मला या प्रश्नाचीच चीड आहे. संरक्षणाचा सगळा भार अकरा वर्षांच्या पोरीवर टाकून मोठी माणसं मोकळी होतात.

मुलांना कराटे शिकवायची कल्पना ज्यांची, ते स्वतः काय म्हणाले ते वाचा. आजच्या जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावरचे कराटेगुरू इतोसू आन्को यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या शाळांमध्ये कराटे आणलं. पिनान नावाचे पाच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, त्यांनीच बसवले. शोतोकान या कराटेच्या शैलीच्या वर्गात मुलं जो ‘हेइआन शोदान’ पहिल्यांदा शिकतात, तो त्यांच्यातलाच. ऑक्टोबर १९०८ मध्ये त्यांनी शिक्षण खात्यासाठी दहा कलमांचं पत्र लिहिलं. त्यात म्हटलंय की चोर किंवा गुंड समोर आला तर होईल तितकं टाळावं, हातापायांनी कुणाला इजा करू नये. हेही म्हटलंय की ही विद्या झटपट येत नाही, रोज तास-दोन तास मन लावून केली तर तीन-चार वर्षांनी माणसात फरक दिसतो. वर्षांनी. महिन्यांनी नव्हे.

बोधिधर्माचा निकालही याच पत्रात लागतो. पहिलंच वाक्य आहे की ही विद्या कन्फ्यूशियसच्या किंवा बौद्ध मार्गातून निघालेली नाही, तिच्या दोन शाखा पूर्वी चीनमधून आल्या. ज्यांची विद्या, त्यांचा गुरू शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवतो, आणि आपण अभिमानाच्या भरात ते पुसून टाकतो.

चीनशी नातं कुठून आलं तेही गूढ नाही. ही विद्या चीनमधून आली तेव्हा ओकिनावा जपान नव्हतंच, ते र्‍यूक्यूचं वेगळं राज्य होतं. चीनच्या फुजियान प्रांताशी त्याचा व्यापार होता, ओकिनावातल्या नाहा शहराजवळ कुमे गावात चिनी घराणी वसलेली होती. कराटेगुरू हिगाओन्ना कानर्‍यो तर शिकायला थेट फुजियानमधल्या फूचौला जाऊन राहिले. उलट बोधिधर्माबद्दलची सर्वांत जुनी चिनी नोंद इ. स. ५४७ च्या सुमाराची. ती त्याला इराणी भिक्षू म्हणते आणि मारामारीचा उल्लेखही करत नाही. त्याच्या नावावर खपवला जाणारा व्यायामाचा ग्रंथ सतराव्या शतकातला, म्हणजे हजारेक वर्षांनंतरचा. कलरीपयट्टूची घडण इतिहासकार अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपासची मानतात. मग सहाव्या शतकातल्या माणसानं ते नेलं कसं?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. शाओलिन मठ पाचव्या शतकाच्या अखेरीस ज्या भिक्षूसाठी बांधला गेला तो बातुओ भारतीय होता, असं चिनी परंपराच सांगते. म्हणजे भारतीय माणूस तिथे होता. पण त्यानं ठोसे शिकवले याला काडीचा पुरावा नाही. आणि कलरीला मोठेपणासाठी जपानचं प्रशस्तिपत्र कशाला हवं? ती स्वतःच्या जागी भक्कम उभी आहे.

शेतकऱ्यांचं म्हणाल तर ज्या जुन्या गुरूंची नावं माहीत आहेत ते बहुतेक राजदरबारातले. मात्सुमुरा सोकोन राजाचे अंगरक्षक होते, खुद्द इतोसू दरबारी कारकुनी करत. शस्त्रांवर निर्बंध होते, पण उपाशी शेतकऱ्यानं रात्री लपून सराव केल्याचं चित्र नंतर रंगवलेलं आहे. हातांच्या पोलीस नोंदीचा कायदा भारतात नाही. उंची वाढते ती आईबापांकडून आलेल्या गुणांनी आणि खाण्यापिण्यानं.

फायदे आहेतच. इतोसूंनी हाडं, स्नायू, पचन, रक्ताभिसरण यांना होणारा फायदा लिहिला, आणि ते मी सुखानं मान्य करीन. माझ्याकडून आणखी एक घाला: लाजरी मुलगी वर्षभरात पोटातून ओरडायला शिकते, आणि ‘नाही’ म्हणताना तिचा आवाज बसत नाही.

दम्याबद्दल मात्र हात जोडून सांगते. जोराच्या व्यायामानं काही मुलांची धाप वाढू शकते. डॉक्टरांना विचारून खुशाल घाला, पण मेसेज वाचून पंप बंद करू नका. तो पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा आणि पहिल्याच दिवशी सरांना सांगून ठेवा.