ड्रॅगन स्केल मेलं नसावं, कुंडी फेकू नका

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. चवथीच्या आदल्या आठवड्यात आमच्या नर्सरीतून नेलेल्या ‘ड्रॅगन स्केल’ अलोकेशिया या शोभेच्या झाडाची सगळी पानं महिन्याभरात गळाली, रोगट झाड चौदाशे रुपयांना गळ्यात मारलं, कुंडीत माती नव्हती, नुसता कचरा होता, आणि फोन केला तर ‘बदलून मिळत नाही’ म्हणून फोन ठेवला, असं तुम्ही लिहिलंय.

आधी फोनचं. तो शुक्रवार होता, मी रोपं घेऊन म्हापशाच्या बाजारात बसले होते. फोन घेणारा मुलगा नवा आहे. पण गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं हे त्याला सांगून ठेवणं माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं. मनापासून माफी मागते.

दुसरी चूक याहून मोठी आहे, आणि ती तुमच्या लक्षात येण्यासारखी नव्हती. ते रोप टिश्यू कल्चरचं. प्रयोगशाळेच्या बाटलीत त्याला सगळं आयतं मिळत होतं. बाहेर आल्यावर नवी मुळं फुटून ती जोर धरायला वेळ लागतो. एरवी मी अशी रोपं झाकणाच्या डब्यात आणि मग कुळागरात पोफळींच्या सावलीत, मिळून निदान दोन-अडीच महिने ठेवते आणि नंतरच विकायला काढते. चवथीची गर्दी होती म्हणून तुमचं पाच आठवड्यांतच काढलं. पानं देखणी होती, मुळं कोवळी होती. हे तुम्हाला सांगायलाच हवं होतं.

पण ‘रोगट’ मात्र मला मान्य नाही. तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून पाहिला. चिनी मातीची पांढरी कुंडी, रोपाच्या तिप्पट मोठी, आणि तिच्यात काठोकाठ अंगणातली तांबडी माती. आपल्या जांभ्याच्या मातीत अबोली येते, जास्वंद येते, पण कुंडीत रोज पाणी पडलं की ती चिखल होऊन बसते, आणि ड्रॅगन स्केलच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. तुम्ही ज्याला कचरा म्हणालात ते नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि परलाइट, म्हणजे मुळांशी हवा खेळती ठेवणारे हलके पांढरे खडे. ते मी स्वतः चाळून, मिसळून भरते. तेच काढून टाकलं गेलं, याचं मला फार वाईट वाटलं.

‘अळूच्या कुळातलं म्हणून रोज पाणी घातलं’ असंही तुम्ही लिहिलंय. कूळ तेच, अगदी खरं. पण आपलं अळू मोरीच्या सांडपाण्यावर माजतं, आणि हे बोर्निओ बेटावरच्या पूर्व कालिमंतानमधलं. अलोकेशिया बागिंडा या नावानं शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली ती 2011 साली; बागिंडा हा मलय भाषेत राजासाठी वापरायचा आदराचा शब्द. त्याचं पान बोटांत धरलं तर चामड्यासारखं जाड लागतं, शिरा खोल रुतलेल्या आणि मधला भाग खवल्यासारखा वर आलेला. त्याला हवा दमट लागते, पण पायाशी पाणी साचलेलं चालत नाही. बोट दोन पेरं आत घालावं, कोरडं लागलं तरच पाणी द्यावं. आणि चवथीला पाहुणे होते म्हणून ते दिवाणखान्यात एसीखाली ठेवलंत, तिथली कोरडी हवाही त्याला बाधली असणार.

आता महत्त्वाचं. पानं गेली म्हणजे झाड गेलं असं नाही, खाली कंद असतो. हातमोजे घालून तो उकरा, कारण अळवासारखीच याचीही खाज सुटते. दाबून पाहा. सुरणाच्या फोडीसारखा घट्ट लागला तर जिवंत आहे. मऊ लागला, कुजका वास आला, तर तेवढा भाग धारदार सुरीनं कापून टाका आणि उरलेला एक दिवस सावलीत सुकू द्या. मग ओलसर शेवाळात (नर्सरीत मिळणाऱ्या स्फॅग्नम मॉसमध्ये) अर्धा पुरून, पारदर्शक डब्यात झाकण लावून उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको. कोंब यायला काही आठवडे लागतात, रोज उकरून बघू नका.

हे घरी करायचं नसेल तर कुंडी तशीच घेऊन फोंड्याला या. शुक्रवार सोडून मी रोज नर्सरीतच असते. कंद जगला तर मी वाढवून देईन, त्याचे पैसे घेणार नाही. नाही जगला तर दोन महिने पूर्ण झालेलं दुसरं रोप तुमचं, आणि ते सोडणातच ठेवायचं एवढाच माझा आग्रह. येताना कुंडीतली माती मात्र ओतून टाकू नका. अळकुड्यांसारखे बारके कंद बऱ्याचदा त्या मातीतच राहिलेले असतात.