तक्रार केली म्हणून बदनामीची नोटीस आली तर लगेच माफी मागू नका

माझ्या मावसबहिणीला मागच्या महिन्यात वकिलाची नोटीस आली, साडेतीन पानांची. कारण काय, तर तिने उपनिबंधकांकडे, म्हणजे सोसायट्यांच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे, अर्ज दिला की सोसायटीच्या हिशेबात लिफ्ट दुरुस्तीचं एकच बिल दोन वेगवेगळ्या महिन्यांत लावलंय. यात सेक्रेटरींची बदनामी झाली म्हणे, १५ दिवसांत लेखी माफी मागा आणि अर्ज मागे घ्या नाहीतर कोर्टात खेचू. बिचारी दोन रात्री झोपली नाही, फोनवर रडत म्हणाली दादा जाऊ दे, घेते अर्ज मागे.

मला खरंच संताप आला, कारण नेमक्या अशा तक्रारीला कायद्याने संरक्षण दिलंय. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, म्हणजे जुनं आयपीसी ४९९, त्यात बदनामीच्या व्याख्येखालीच १० अपवाद आहेत आणि आठवा सांगतो की ज्याला त्या विषयात त्या माणसावर कायदेशीर अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही बदनामी नाही. वकील याला क्वालिफाइड प्रिव्हिलेज म्हणतात, अटी घालून दिलेलं संरक्षण. सभागृहात आमदार बोलतो त्यावर खटलाच चालत नाही, तसं पूर्ण कवच आपल्याला नाही. सद्भावना म्हणजे नुसतं मन साफ असून भागत नाही, नीट काळजी घेऊन, कागद तपासून बोललात का हे बघतात. हिने दोन्ही व्हाउचरच्या झेरॉक्स जोडल्या होत्या, बिल नंबरखाली पेनाने रेघ मारून, आणि "खुलासा व्हावा" एवढंच लिहिलं होतं.

हेच तिने सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "सेक्रेटरी चोर आहे" असं टाकलं असतं तर मीही गप्प बसलो असतो, कारण तिथल्या दीडशे लोकांना चौकशीचा अधिकार नाही आणि चोर हा शब्द कुठल्याच व्हाउचरवर नाही.

१९९९ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे असंच प्रकरण होतं, ट्रेझरी ऑफिसमधला एक जण दारू पिऊन येऊन शिवीगाळ करतो अशी सहकाऱ्यांनी साहेबांकडे लेखी तक्रार दिली, त्याने उलट त्यांच्यावरच बदनामीची केस टाकली. विभागीय चौकशीत तो दोषी निघाला होता आणि कोर्टाने आठव्या अपवादावर बोट ठेवून ती केस सुरुवातीलाच रद्द केली.

पण सगळ्यांच्या नशिबी सुरुवातीलाच सुटका नसते हो. अपवाद लागू होतो हे आरोपीनेच दाखवायचं असतं, तोवर वकिलाची फी, तारखा, ऑफिसला दांड्या. शिक्षा दोन वर्षांपर्यंत असू शकते एवढं वाचूनच माणूस अर्ज मागे घेतो, आणि नोटीस पाठवणाऱ्याला तेवढंच हवं असतं. अधिकाऱ्याकडे केलेल्या तक्रारीवरून खटला भरला तर मॅजिस्ट्रेटने समन्स काढण्याआधी तो मूळ अर्ज मागवून वाचलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आम्ही उत्तर पाठवलंय, दीड पानाचं, माफी मागितलेली नाही. अर्ज अजून उपनिबंधकांच्या टेबलावर आहे आणि ती दर सोमवारी जाऊन विचारून येते.